गाडीतली जागा

मी डूख धरणारी बाई आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझी समजूत काढायच्या फंदात आता कुणी पडत नाही. लोणावळ्याच्या बाजारात, मागच्या बोळात माझं शिवणाचं दुकान आहे. एखादी बाई कपडे न्यायला आली आणि "आधीचा टेलर जरा बरा शिवायचा" असं सहज बोलून गेली, की पुढच्या वेळी माझ्याकडे तिच्यासाठी वेळ नसतो. सणासुदीला तर मुळीच नसतो. ती बिचारी बोललेलं विसरून गेलेली असते. मी विसरत नाही.

पण हे किरकोळ झालं. खरा डूख एकच, तो आबांवरचा.

आबा आमचे कुणी लागत नाहीत. गावातली चांगली भातखाचरं त्यांची, शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, शाळेच्या समितीवर तेच, म्हणून लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात. मीही म्हणते, तोंडावर. गाव आमचं कामशेतपासून आत, धरणाच्या अंगाला. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली निम्मी माणसं माझ्याशी बोलायची बंद होतील आणि उरलेली निम्मी फार बोलायला लागतील.

जूनमध्ये शाळा उघडली, की पहिलीत नाव घातलेल्या पोरांना बैलगाडीतून मिरवत न्यायचं, अशी आमच्या गावात पद्धत होती. बैलांच्या शिंगांना फुगे, गाडीला आंब्याचे डहाळे, पुढं मोठ्या पोरांचं लेझीम. गाडी मारुतीपासून निघायची आणि गावाला वळसा घालून शाळेत जायची. दारात पोरांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उठवायचे, हातात फूल द्यायचं. गाडी आबांची, बैल आबांचे, आणि कासराही आबांच्याच हातात. आमची घरं ओढ्यापलीकडे, बौद्धवाडीत. गाडी ओढा ओलांडून आमच्याकडे कधी आली नाही. आमच्या वाडीतल्या पोरांनी मारुतीपाशी यायचं आणि गाडीमागून चालत जायचं. हे वाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांच्या मला माहीत नव्हतं.

आईनं मला सांगितलं नव्हतं. तिची जीभ रेटली नसेल. तिनं तिच्या लुगड्याच्या शाबूत भागाचा हातानं शिवलेला फ्रॉक माझ्या अंगात घातला, तेल चोपडून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या आणि ती पेरणीसाठी दुसऱ्यांच्या खाचरात निघून गेली. दादा चौथीत होता. तो लेझीम घेऊन पुढं उभा होता. मी सरळ गाडीपाशी गेले, चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला आणि चढून बसले. बसले, हे मी मुद्दाम सांगते. खाली अंथरलेल्या पेंढ्याचा वास, गालाला घासणारा फुग्याचा दोरा, मला जागा द्यायला शेजारच्या पोरीनं आत ओढून घेतलेला गुडघा, सगळं मला आठवतं. गाडीत अजून दोघं-तिघं मावली असती.

मग माझ्या काखेत मागून दोन हात आले. त्या हातांत राग नव्हता. टोपलीतला एक कांदा उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांनी मला उचललं आणि खाली चिखलात उभं केलं.

"हितं जागा न्हाई," आबा म्हणाले. "तू मागनं चालत ये."

मी मागून चालत गेले. बैलांच्या शेणात एक पाय पडला. शाळेच्या दारात माझ्या पायाचा ठसा घेतलाच नाही, कारण आधी पाय धुवून ये म्हणाले आणि धुवून येईपर्यंत कुंकवाचं पाणी संपलं होतं. संध्याकाळी मी आईला विचारलं, गाडीत जागा होती, मग आबा नाही का म्हणाले? आई चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं.

"उद्या गाडी नसती," ती म्हणाली. "उद्या समदीच चालत जात्यात."

एवढंच. आई आता नाही. ते उत्तर मला त्या वेळीही पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. मोठी झाले तसं कळत गेलं काय झालं होतं ते, आणि कळत गेलं तसतसा राग वाढत गेला. लोक म्हणतात वयानं राग निवतो. माझा पिकत गेला. कधी ना कधी याचं उट्टं काढायचं, हे मी शिवणक्लासला जायच्या आधीपासून ठरवून ठेवलं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं. आबांना माझ्याकडून ब्लाउज थोडाच शिवून हवा होता.

मध्ये बरीच वर्षं गेली. गावातली पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून कामशेतला इंग्रजी शाळेत जायला लागली. बैलगाडीचा ट्रॅक्टर झाला, मग मिरवायला पोरंच उरली नाहीत म्हणून ट्रॅक्टरही थांबला. दादाला नवलाख उंबऱ्याच्या बाजूला कारखान्यात नोकरी लागली. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आणि गेल्या मे महिन्यात ती मुलगी पहिलीत जायची झाली.

तिला कामशेतच्या शाळेत घालायचं जवळजवळ ठरलं होतं. मी आठवड्याच्या सुट्टीला लोकलनं कामशेतला उतरून घरी गेले होते. उन्हं कलली होती, वहिनी अंगणात कुरडया उलटत होती, आणि ओढ्यावरून तीन माणसं येताना दिसली. पुढं शाळेच्या नव्या बाई. त्या वडगावहून स्कूटीवर येतात, अगदी तरुण आहेत. मागं शिपाई. आणि काठी टेकत, धोतर सावरत आबा.

आबा आमच्या दारात! मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. मग वहिनी खुर्च्या आणायला धावली. मी जागची हलले नाही.

बाईंनी सरळ सांगितलं. शाळेचा पट फारच खाली आला होता. पहिलीला कुणीच आलं नाही तर पुढं शाळा चालणं अवघड, शेजारच्या गावच्या शाळेत पोरं वर्ग होतील. बाईंनी आबांना म्हटलं होतं, लोकांच्या दारात जाण्याआधी तुमच्या नातीचं नाव घाला. म्हणून आबांनी नातीला इंग्रजी शाळेतून काढून इथं घातलं. पण एकटीवर भागणार नव्हतं.

"तुमची पोर आली तर साळा टिकती," आबा म्हणाले. "माझ्या बापानं जागा दिलीया. माझ्या डोळ्यादेखत टाळं लागाय नगं."

मला आतून उकळी फुटली. गुदगुल्या व्हाव्यात तशी. ज्या माणसानं मला उचलून खाली ठेवलं, तो माणूस आमच्या अंगणात आमची पोर मागत होता. वहिनीनं चहा आणला. मला वाटलं, आता कपाला हात लावणार नाहीत, "आत्ताच घिऊन आलो" म्हणतील, आणि मग मी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. पण आबांनी कप घेतला, बशीत ओतला आणि तळाच्या साखरेसकट पिऊन टाकला. माझी जुळवाजुळव वाया गेली. मला त्याचाही राग आला.

"आबा," मी म्हणाले, "मी पहिलीत गेले तेव्हा तुम्ही मला गाडीतनं खाली उतरवलं होतं. आठवतंय?"

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"न्हाई बाय," ते म्हणाले. "लय वर्सं झाली. किती पोरं चडली, किती उतरली. न्हाई आठवत."

हे मात्र मला झोंबलं. मी इतकी वर्षं जे जपत आले, ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. मी म्हणाले, ठीक आहे, आमची पोर तुमच्या शाळेत येईल. पण मिरवणूक काढायची. ट्रॅक्टर नाही, बैलगाडी. ती ओढा ओलांडून आमच्या विहारापाशी येईल आणि तिथूनच निघेल. बैल तुम्हीच धरायचे. आणि पोरीला गाडीत तुम्ही स्वतः बसवायचं, तुमच्या हातानं.

"गाडी पडलीया गोठ्यामागं. चाक बसवाय लागंल," आबा म्हणाले. "आन बैल कुटं हायती आता गाडीचं? माझी जोडी शर्यतीची. घाटात पळणारी. तिला संथ चालायची सवय न्हाई."

"मग धरून चालवा," मी म्हणाले.

आमच्या मावळात शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, आणि त्यात पळणाऱ्या बैलांची काय बडदास्त असते, हे इथल्याच माणसाला कळेल. त्यांना दूध, अंडी, डोक्यावर पंखा. पोटच्या पोराला दटावतील, बैलाला आवाज चढवणार नाहीत. ती जोडी पोरांच्या मिरवणुकीला जुंपायची म्हणजे आबांनी स्वतःच्या हातानं मिशी उतरवण्यासारखं होतं. ते काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. बाई कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या.

"बरं," आबा शेवटी म्हणाले. "आनतो."

त्यांची पाठ ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा मी अंगणातल्या अंगणात दोन गिरक्या घेतल्या. वहिनी हसली. दादा मात्र रात्रपाळीला निघायच्या आधी माझ्यावर तडकला.

"पोरीचं शिक्षण हाय ते," तो म्हणाला, "तुझा सूड न्हाई."

"दोन्ही होईल," मी म्हणाले.

"तिला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं व्हतं. तू मला इचारलं का?"

"तुला आठवतं ना? तू पुढं लेझीम खेळत होतास."

दादाला आठवत होतं. बूट घालताना तो एवढंच म्हणाला, "बाई चांगल्या हायती म्हनत्यात. तुझ्या वहिनीला रानातनं शाळा दिसती. म्हनून हो म्हनतो. तुझ्यासाठी न्हाई."

मला ते चालणार होतं.

त्यानंतर मी पोरीच्या तयारीला जी लागले, ती विचारू नका. लोणावळ्यात मे-जून म्हणजे माझ्या दुकानात गणवेशांचा ढीग असतो. बाहेर पाहुण्यांच्या गाड्यांची रांग आणि आत मी निळ्या कापडात गळ्यापर्यंत बुडालेली. पण भाचीचा गणवेश मी सगळ्यांच्या आधी बेतला. शाळेकडून गणवेश मिळतो, तरी तो हाती येईपर्यंत पोरगी पहिल्याच दिवशी साध्या फ्रॉकवर जाणार, हे मला कसं खपेल? आकाशी ब्लाउज, निळा झगा, कमरेला चुण्या इतक्या बारीक, की वहिनी म्हणाली, "ताई, शाळेत जायचंय, लग्नात न्हाई." खाली दुमडीत चांगलं चार बोटं कापड राखलं, पोरगी वाढेल तसं सोडता यावं म्हणून. पांढरे मोजे, बूट, पावसाळ्यासाठी पिवळा रेनकोट. दप्तर तिनं स्वतः निवडलं, पाठीवर हत्ती असलेलं. ते तिनं मे महिन्यापासूनच पाठीला लावलं. जेवताना लावलं, झोपताना उशाशी घेतलं, एकदा परसाकडेही घेऊन गेली.

पुस्तकं बाईंनी आधीच आणून दिली होती. आम्ही ओट्यावर बसून खाकी कागदाची कव्हरं घातली. मी कागद दुमडायची, ती वर लिमलेटची चकती तोंडात घोळवत अंगठ्यानं दाबायची. आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "आत्या, गाडीची गोष्ट सांग."

मी सांगायची. नुसती सांगायची नाही, रंगवून सांगायची. आईचा फ्रॉक, रिबिनी, पेंढा, फुगा. आबांचा आवाज काढायची, जाडा, घशातला. "हितं जागा न्हाई. तू मागनं चालत ये." पोर डोळे मोठे करून ऐकायची. "मग आता?" म्हणायची. मी म्हणायची, आता आबा स्वतः येणार, बैल घेऊन येणार, तुला उचलून वर बसवणार, आणि तू राणीसारखी बसायचंस. ती बसून दाखवायची, पाठ ताठ करून. मग बाजेची गाडी व्हायची. ती बाजेवर चढायची, बाहुलीला वर घ्यायची आणि लगेच खाली ठेवायची. "हितं जागा न्हाई," माझ्याच आवाजात, म्हणजे मी काढलेल्या आबांच्या आवाजात. "तू मागनं चालत ये." बाहुली बिचारी पाय फाकून जमिनीवर पडलेली. मी हसून हसून लोळायची. वहिनी एकदा म्हणाली, "काय शिकवताय हो तिला?" मी म्हणाले, इतिहास.

आबांचं काय चाललंय, याच्या बातम्या ओढ्यावरून येत होत्या. गाडीचं चाक सुताराकडं गेलं. बैलांना जू ओळखीचं व्हावं म्हणून आबा रोज सकाळी रिकामी गाडी घेऊन खळ्यात फेऱ्या मारतात. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला, ट्रॅक्टर न्यायला काय झालं? आबा म्हणतात, शब्द दिलाय. मला ऐकून बरं वाटायचं. म्हातारपणी त्यांना गोल गोल फिरवलं, हे काही कमी नव्हतं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. पाऊस रात्री पडून गेला होता आणि ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. मी दुकान बंद ठेवलं होतं, ऐन मोसमात. विहारापुढची जागा आम्ही झाडून घेतली होती, निळे झेंडे लावले होते. वाडीतली सगळी माणसं बाहेर येऊन उभी राहिली. दादानं सुट्टी घेतली होती. पोरीच्या झग्याच्या चुण्या मी स्वतः इस्त्री केल्या होत्या. ती दप्तर लावून पायरीवर उभी होती आणि तिला सूसूला लागली होती, पण गाडी येऊन जाईल म्हणून ती जायला तयार नव्हती.

आणि गाडी आली. पाण्यातून आली. शिंगांना फुगे, मानेत झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे. शर्यतीचे ते दांडगे बैल फुरफुरत होते, माना झटकत होते, आणि गाडीत बसून त्यांना आवरणं शक्य नव्हतं. म्हणून आबा पुढं चालत होते. दोन्ही वेसणींजवळचे कासरे दोन हातांत घट्ट धरून, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चिखलात. पाठीमागून त्यांचा मुलगा, सून, नात, शाळेतली पाच-पंचवीस पोरं लेझीम घेऊन, आणि बाई.

मी आईची आठवण काढली. तिनं हे बघायला हवं होतं.

मुलानं बैल धरले. आबा पायरीपाशी आले. त्यांनी पोरीच्या काखेत हात घातले. मी त्या हातांकडे बघत होते. कातडी सैल झाली होती, मनगटाला कंप होता, तरी उचलायची पद्धत तीच. त्यांनी तिला वर उचललं आणि पेंढ्यावर बसवलं. "नीट बस बाय, धरून," म्हणाले. वाडीनं टाळ्या वाजवल्या. पोरगी पाठ ताठ करून राणीसारखी बसली, आम्ही सराव केला होता तशी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

आबांनी परत जाऊन कासरे हातात घेतले. मग त्यांच्या सुनेनं त्यांच्या नातीला पुढं आणलं. तीही पहिलीतलीच, तिचीही जागा गाडीत. बारीक चणीची, विकतचा घोळदार गणवेश घातलेली, केसांत लाल रिबिनी. तिनं चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला, वर चढली आणि बसायला वाकली.

आमच्या पोरीनं तिच्या छातीवर तळहात ठेवला.

"हितं जागा न्हाई," ती म्हणाली. जाड्या, घशातल्या आवाजात. "तू मागनं चालत ये."

आधी सगळे हसले. पोरं लेझीम वाजवत हसली, आमच्या वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंना काही कळलं नाही, त्याही हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी आमच्या पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. बैलांचे कासरे दोन्ही हातांत धरून ते वळले आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं. त्यांना आठवत होतं. अंगणात चहा पिताना आठवत होतं, चाक सुताराकडं नेताना, खळ्यात रोज फेऱ्या मारताना आठवत होतं. अंगणात मी ते शब्द काढले नव्हते, आणि घराबाहेरच्या कुणाला ते माहीत नव्हते. ते शब्द ऐकून माझ्याकडे बघायचं कारण फक्त एकाच माणसाकडे होतं.

"जा बाय," आबा नातीला म्हणाले. "उतर. मागनं ये."

ती मुलगी उतरली. रडली नाही. ओठ आत ओढून धरले, झग्याची कड दोन्ही मुठींत धरली आणि चाकाशेजारी चिखलात उभी राहिली. सासऱ्यापुढं तिच्या आईला बोलता येईना. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मी मागितलं नव्हतं तेही कुणीतरी वर घातलं होतं. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला बोलायची गरज नव्हती, त्यानं मे महिन्यातच बोलून ठेवलं होतं.

मी आबांना माफ केलं म्हणून पुढं गेले, असं कुणी समजू नये. मी पुढं गेले ती त्या मुठींमुळे. झग्याची कड तशी धरलेली पोर मी आतून ओळखते. मी तिच्या काखेत हात घातले, उचललं आणि गाडीत ठेवलं.

"सरक गं," मी भाचीला म्हणाले. "जागा आहे."

भाची सरकली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. महिनाभर तिला एक शिकवलं आणि आता भर मिरवणुकीत मी दुसरंच सांगत होते.

"जागा हाय?" ती म्हणाली.

"आहे."

"मग तुला का न्हवती?"

लेझीम थांबलं होतं. बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. सहा वर्षांच्या पोराला याचं काय उत्तर द्यायचं, हे आईला सुचलं नव्हतं, तिनं चुलीत लाकूड सारलं. मलाही सुचलं नाही. पण माझ्याजवळ चूल नव्हती, आणि उत्तर ज्याच्याकडे होतं तो माणूस समोर उभा होता. मी हात लांब करून आबांकडे बोट दाखवलं.

"त्यांना विचार," मी म्हणाले.

पोर पेंढ्यावर उभी राहिली. गाडीच्या कडेला धरून तिनं पुढं वाकून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आबा, माझ्या आत्याला जागा का न्हवती?"

मला वाटलं, आता म्हणतील, लय वर्सं झाली, न्हाई आठवत. मी त्यासाठी दात आवळून उभी होते. आबांनी बैलांच्या पाठीवरून गाडीकडे पाहिलं. त्यांची नात एका कडेला अंग चोरून बसली होती. शेजारी आमची पोर उभी, आणि दोघींच्या मध्ये पेंढा मोकळा.

"व्हती बाय," ते म्हणाले. "जागा व्हती."

त्यांनी एवढंच म्हटलं. कुणाची माफी मागितली नाही, माझ्याकडे परत बघितलं नाही. मोठ्यानं म्हणाले मात्र, आमच्या विहारापुढं, स्वतःच्या मुलासुनेसमोर. पोरीला तेवढं पुरलं. ती खाली बसली आणि तिनं गुडघा आत ओढून घेतला. आबांनी बैलांना हाक दिली, ओढ्याच्या पाण्यात चाकं उतरली, पुन्हा लेझीम सुरू झालं. मी साडी वर खोचली आणि गाडीच्या मागनं चालत शाळेपर्यंत गेले.